आधी बरी बाजू

माझ्या वहिनीला आमच्या भागात सगळे टोचणीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं. "टोचते तर टोचणीच म्हणणार, फुंकरबाई कुठून म्हणतील?" एवढं बोलून ती हातातलं काम पुढे चालू करायची.

तिच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. मला लिहिण्याची सवय नाही, पत्रसुद्धा मी दोन ओळींच्या पुढे नेत नाही. पण त्या पेटीची गोष्ट लोकांनी आपापल्या सोयीनं फिरवून सांगितली आहे. ती एकदा नीट मांडावी, जमेल तशी.

वहिनीचं काम ॲक्युपंक्चरचं. घराच्या बाहेरच्या खोलीत मध्ये पडदा आणि दोन खाटा. एका कोपऱ्यात स्टीलचा ट्रे, कापूस, स्पिरिटची बाटली, वापरलेल्या सुया टाकायचा घट्ट झाकणाचा डबा. भिंतीवर माणसाच्या शरीराचं मोठं चित्र, त्यावर डोक्यापासून पायापर्यंत रेषा आणि रेषांवर ठिपके. त्या चित्रातल्या माणसाचा चेहरा बस चुकल्यासारखा होता. खाटेवर पडलेल्या नव्या माणसाची नजर आधी त्याच्याकडे जायची आणि तो विचारायचा, याला बरं वाटलं का शेवटी?

ही विद्या ती एका म्हाताऱ्याकडून शिकली. तरुणपणी तिची पाठ धरली होती, त्यानं ती सोडवली आणि मग तिला हाताखाली ठेवून घेतलं. त्याचे नियम फार होते, पण एक नियम तो कधी मोडू द्यायचा नाही. दुखणं एका अंगाला असेल तर आधी बरी बाजू टोचायची, मग आजारी. आजारी बाजूला एकदम हात लावला की ती बिचकते, बऱ्या बाजूकडून निरोप गेला म्हणजे दार उघडते, असं तो सांगायचा. त्यात खरं किती ते मला कळत नाही. वहिनीलाही कळत होतं असं नाही. पण तिच्या हातांना ते इतकं लागलं होतं की ती भाजी निवडतानासुद्धा चांगली बाजूला काढायची आणि मग किडक्यांकडे वळायची.

माझा थोरला भाऊ, दादा, टेलर. त्याचं दुकान घराच्या पुढच्याच अंगाला. कोट शिवावा तर त्यानंच, असं लोक म्हणायचे. गिऱ्हाईकाला माप घेताना तो हमखास सांगायचा, "आमच्या घरात दोघंही सुईवर जगतो. फरक इतकाच, की माझं कापड ओरडत नाही." मग आतून वहिनीचा आवाज यायचा, की माझी माणसं निदान वेळेवर परत मिळतात, तुमचे कोट नाही. हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते न होता माप घेतलेलं मला आठवत नाही.

मी त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायचो. लग्न केलं नाही. का, ते सांगण्यासारखं नाही. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात डार्करूममध्ये मी फिल्म धुवायचो. सगळा जन्म अंधारात गेला. पुढे नवी यंत्रं आली, फिल्म गेली, मीही घरी आलो.

दादाला अर्धांगाचा झटका आला तो दुकानातच, हातात कात्री असताना. उजवी बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालं ते पुढे बरंच सुधारलं, पायही ओढत ओढत खोलीपुरता चालायला लागला. बोलणं मात्र एकेका शब्दावर आलं, आणि उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. त्या हाताला चटका कळत नव्हता, चिमटा कळत नव्हता.

वहिनीनं डॉक्टरांचं सगळं ऐकलं, गोळ्या दिल्या, व्यायाम करून घेतले. आणि सकाळचा चहा झाला की ती ट्रे घेऊन त्याच्यासमोर बसायची. आधी डावा हात, मग उजवा. अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटावर, कोपराच्या घडीत. हे रोज, वर्षानुवर्षं. दुकान बंद झालं, पण तिनं कात्री तेल लावून कपाटात ठेवली होती. मापाची फीत खाटेजवळच्या खुंटीला टांगलेली. एकदा ती बाजारातून राखाडी रंगाचं शर्टाचं कापड घेऊन आली आणि म्हणाली, हे भाऊजींसाठी. भाऊजी म्हणजे मी. हात चालायला लागला की पहिला शर्ट भाऊजींचा. मी म्हटलं, वहिनी, मला शर्ट आहेत. ती म्हणाली, "तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही फक्त माप द्यायला उभे राहा."

दादा आधी काही बोलायचा नाही. मग हळूहळू ट्रे दिसला की तो मान भिंतीकडे वळवायला लागला. बऱ्या हाताला सुई दुखायची, आणि दुसऱ्या हाताला दुखत नव्हती, ते त्याला जास्त लागत असावं. रोज सकाळी नव्यानं कळायचं, की हा हात नाही. एक दिवस त्यानं ट्रे डाव्या हातानं सरकवला आणि म्हणाला, "पुरे." वहिनीनं ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पुरे." असं पुष्कळ दिवस चाललं. त्या घरात भांडण म्हणून कधी झालं नव्हतं, ते आता या एका शब्दावरून व्हायला लागलं, आणि त्यातही बोलणारी एकटी वहिनीच.

त्याच सुमारास प्रयोगबाई आल्या. हे नाव वहिनीनं ठेवलेलं. त्या विद्यापीठात शिकवायच्या, मान आखडली म्हणून आल्या होत्या. खाटेवर पालथं पडून माणूस पुष्कळ बोलतो, तशा त्या बोलल्या. त्यांचं काम उजेडावर होतं. जिवंत पेशी, मग ती पानाची असो की माणसाची, आतल्या रासायनिक घडामोडींमुळे थोडा उजेड बाहेर टाकते, असं त्या सांगत होत्या. इतका थोडा, की कितीही काळोख केला तरी डोळ्याला दिसायचा नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. आणि त्यांना बघायचं होतं, की ज्या जागी सुई टोचतात त्या जागांचा उजेड आजूबाजूच्या कातडीपेक्षा वेगळा असतो का, सुई टोचल्यावर बदलतो का. असू शकेल, नसेलही, असं त्या दर दोन वाक्यांनी म्हणत. टोचायला कुणीतरी जाणतं माणूस त्यांना हवं होतं.

वहिनीनं त्यांच्या मानेतल्या सुया काढल्या, कापूस फिरवला आणि विचारलं, "लुळ्या हातालाही असतो का हो हा उजेड?"

बाई म्हणाल्या, पेशी जिवंत आहेत म्हणजे असणार. मात्र बऱ्या हाताइतका की कमी, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

वहिनीनं एकच अट घातली. मी तुमच्याकडे टोचायला येते, तुम्ही माझ्या नवऱ्याचा हात मोजा.

त्या दिवशी जेवताना ती दादाला म्हणाली, "अहो, तुमचंच खरं करू. तुमचा हात त्या बाईंच्या यंत्राच्या पेटीत घालू. बऱ्या हाताच्या बरोबरीनं उजेड निघाला तर तुम्ही गप टोचून घ्यायचं. कमी निघाला तर सुई बंद. माझा शब्द." दादा अर्ध्या तोंडानं हसला आणि डाव्या हातानं टाळी द्यायला हात पुढे केला. मी साक्षीदार.

बाईंनी नंतर तिला सगळं समजावलं होतं, की उजेड निघाला म्हणजे हात हलेल असं नाही. एका मोजणीवरून काही ठरत नाही. वहिनीनं मान डोलावली. पण माणूस एकदा पैज लावून बसला की त्याला हे असलं ऐकू येत नाही.

ती प्रयोगशाळा तळघरात होती. एक बाहेरची खोली, तिथे यंत्राचा पडदा आणि खुर्च्या. आत दुसरी खोली, पूर्ण काळी. तिथे दोन दारं ओलांडून जायचं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मला तिथे गेल्या गेल्या घरी आल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीत ती पेटी, तिच्या पुढच्या बाजूला हात आत घालायचं गोल भोक, त्याला धातूची कडा. आतलं यंत्र सतत थंड ठेवावं लागतं म्हणून ती कडा बर्फासारखी गार असायची. भोकाला काळ्या कापडाची बाही. उन्हात किंवा दिव्यात राहिलेली कातडी काही वेळ तो उजेड परत टाकत राहते, म्हणून आधी हात काळ्या पिशव्यांत घालून अंधारात बराच वेळ बसायचं. मग पिशवी काढून हात पेटीत.

दादाचा हात आपला आपण जाणार नव्हता, म्हणून वहिनी त्याच्याबरोबर आत गेली. मी प्रयोगबाईंशेजारी बाहेर बसलो. ठरलं असं होतं, की पहिला आजारी हात, दुसरा बरा. आत एक छोटा स्पीकर होता, त्यावरून बाई सांगायच्या आणि आतला आवाज आम्हाला ऐकू यायचा.

बाई म्हणाल्या, "पहिला हात."

आत कपड्यांची सळसळ झाली. मग दादानं एकदम श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, बसून बसून अवघडला असेल. पडद्यावर एक रेघ थरथरत चढली आणि तिथेच थरथरत राहिली. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "आता दुसरा." पुन्हा सळसळ झाली. या वेळी दादाचा काही आवाज आला नाही. रेघ चढली, पण पहिलीइतकी नाही. बरीच खाली.

बाई पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिल्या. लुळ्या हाताचा उजेड बऱ्या हाताहून जास्त, याची त्यांना अपेक्षा नव्हती. हे पुन्हा करून बघायला हवं, यावरून काही म्हणू नका, असं त्या वहिनीला परत परत सांगत होत्या. वहिनी दोन दारं ओलांडून बाहेर आली होती, उजेडानं डोळे बारीक झाले होते आणि ती हसत होती. मी तिला तशी हसताना फार दिवसांनी पाहिली. टॅक्सी तिनं मध्येच थांबवली, आईस्क्रीम आणलं आणि दादाला गाडीतच चमच्यानं भरवलं. "जास्त," ती मला म्हणत होती, "भाऊजी, बरोबरीनं नाही, जास्त." दादा आईस्क्रीम खात तिच्याकडे बघत होता. त्याच्या शर्टावर थोडं सांडलं, तेही तिनं हसतच पुसलं.

त्यानंतर दादानं "पुरे" म्हणणं सोडून दिलं. सकाळी ट्रे आला की तो स्वतःच डावा हात पुढे करायचा. तो झाला की डाव्या हातानं उजवा उचलून तिच्या मांडीवर ठेवायचा. मला वाटलं, पैज हरला म्हणून मुकाट्यानं करतोय. त्या घरातलं भांडण मिटलं. वहिनीनं बातमी खाटेवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि प्रत्येकानं ती पुढे नेताना थोडी मोठी केली. कोपऱ्यावरचा दुकानदार मला विचारायचा, तुमच्या दादाच्या हातात दिवा आहे म्हणे, मग वीजबिल किती येतं? दादाला हे सांगितलं तर तो पोट हलवून हसला.

वहिनीनं कात्री बाहेर काढून धार लावून आणली. एका दुपारी मला उभं करून दादाच्या डाव्या हातात फीत दिली आणि माझं माप घेतलं. फीत धरायचा तो, आकडे बोलायची ती. छातीच्या मापाशी तो अडला, कारण दोन्ही टोकं जुळवायला दोन हात लागतात. वहिनीनं पटकन दुसरं टोक धरलं. 

प्रयोगबाईंच्या कामासाठी ती जातच होती. तिथे काय निघत होतं ते ती मला सांगायची. सुई टोचली की त्या जागेचा उजेड थोडा वाढतो, हे खरं. पण बाईंनी तिला मुद्दाम चुकीच्या जागीही टोचायला लावलं, आणि तिथेही तो वाढला. कधी जागेवर जास्त, कधी बाजूला जास्त. बाईंचं म्हणणं, सुईनं कातडीला बारीक इजा होते, तिथल्या पेशी जास्त धडपडतात, उजेड त्यामुळेही असेल. किंवा जागांमध्येही काही असेल. अजून सांगता येत नाही. वहिनीला हे फारसं आवडलं नाही. "म्हणजे दुखवलं की उजळतं? हे सांगायला पेटी कशाला हवी?" पण हे सगळं ती हलकेच बोलायची, कारण तिची पैज ती जिंकलेली होती.

थंडीच्या दिवसांत दादाच्या छातीत कफ झाला. दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. परत आला तो खाटेवरून उठेना. प्रयोगबाईंना त्याची मोजणी पुन्हा करायची होती, ती राहिली. त्या म्हणाल्या, बरं वाटलं की आणा.

त्यांनी मग बाकीच्या लोकांचे दोन्ही हात मोजायला घेतले. एके दिवशी ग्रंथालयातला शिपाई बसला होता, चांगला धडधाकट, फक्त खांदा दुखायचा. उजवा खांदा. वहिनी आत, अंधारात, त्याचे हात पेटीत घालायला. बाई स्पीकरवर म्हणाल्या, पहिला हात. उजवा आधी असं सगळ्यांसमोर ठरलं होतं. वहिनीनं हात धरून पेटीत घातला, आणि तो शिपाई म्हणाला, "मावशी, उजवा म्हणाल्या ना त्या? हा डावाय माझा."

वहिनी घरी आली तेव्हा मी दारातच होतो. तिनं मला हे सांगितलं आणि चपला न काढता तशीच उभी राहिली. अंधारात तिच्या हातांनी त्यांना माहीत होतं तेच केलं होतं. आधी बरी बाजू. त्या शिपायाला तोंड होतं म्हणून तो बोलला. मग त्या दिवशी काय झालं असेल? तिनं तिथल्या तिथे प्रयोगबाईंना हे सांगून टाकलं होतं. बाई म्हणाल्या, असं झालं असेलच असं नाही. आता ते कळायला मार्ग नाही. बाई चांगल्या होत्या.

"मार्ग आहे," वहिनी मला म्हणाली. आणि आत गेली. मी तिच्या मागे गेलो, जायला नको होतं की काय कोण जाणे.

दादा उशांना टेकून बसला होता. ती त्याच्या खाटेवर बसली.

"अहो, त्या दिवशी पेटीत मी आधी कुठला हात घातला?"

दादानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पांघरुणाखालून डावा हात बाहेर काढला आणि थोडा उचलून धरला.

"गार," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा. "गार लागलं."

लुळ्या हाताला ती कडा गार लागली नसती. बर्फावर ठेवला असता तरी लागली नसती. स्पीकरवर ऐकलेला तो श्वास मला आठवला.

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीत? तुम्ही जिंकला होतात."

दादाचे ओठ हलत राहिले. तो शब्द शोधत होता आणि ती वाट बघत होती.

"तू," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "हसत होतीस."

वहिनी उठली. बाहेरच्या खोलीत जाऊन तिनं पडदा ओढून घेतला. मला ट्रेचा आवाज ऐकू आला, मग कपाटाचा.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ट्रे आला नाही. दादानं थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि ती नेहमी बसायची त्या बाजूला, खाटेच्या कडेला ठेवला. वहिनी कपडे घड्या करत होती. तिनं तो हात घेतला आणि पांघरुणात घातला.

"टोच," दादा म्हणाला.

"शब्द दिलाय मी."

"टोच."

"कशासाठी टोचू? नाहीये त्यात काही." ती पहिल्यांदा असं बोलली. मी मध्ये पडलो. म्हटलं, वहिनी, अगदी काही नाही असं कुठे आहे, रेघ चढली होती की, कमी होती इतकंच. ती माझ्याकडे वळली. "कमी म्हणजे कमीच ना, भाऊजी? इतकी वर्षं मी रोज टोचलं, आणि कमी."  मला वेळेवर कधीच सुचत नाही.

दादा रोज सकाळी तो हात काढून ठेवायचा. ज्याला सुई नको होती तो आता ती मागत होता, आणि जिला द्यायची होती ती देत नव्हती. आता मला वाटतं, सुईचं त्याला काही नव्हतंच. त्या वेळेला ती समोर येऊन बसायची, दोन्ही हात तिच्या मांडीवर असायचे, ते हवं होतं. पण हे मला तेव्हा उमगलं नाही, आणि वहिनी ऐकण्यासारखी राहिली नव्हती. कधीकधी ती तो हात पांघरुणात घालण्याआधी जरा धरून ठेवायची. तेवढंच.

बाहेर तिचं काम चालू होतं, पण तेही बदललं. आधी ती बोटानं जागा चाचपायची आणि टोचायची, पुढच्याला विचारायची नाही. आता दर सुईला विचारायला लागली. इथे काही वाटतं का? आणि इथे? लोकांना वाटलं, म्हातारपणी हात अडखळतोय. काही यायचे बंद झाले. प्रयोगबाईंकडे जाणं तिनंच थांबवलं. बाई एकदा घरी आल्या, दादाजवळ बसल्या, जाताना मला म्हणाल्या की त्या दिवसाची मोजणी त्यांनी कामातून वगळली आहे. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

दादा गेला तो दुपारी, झोपेतच. डॉक्टर येऊन बघून गेले. शेजारचे चारसहा लोक बाहेरच्या खोलीत जमले, दोघं त्या चित्राखाली खाटेवर बसले. दादाची लेक दूरच्या गावी दिलेली, ती तिथून निघाली होती, पोहोचायला संध्याकाळ होणार होती. तोवर काही करायचं नव्हतं.

वहिनी रडली नाही. ती मला आत बोलावून म्हणाली, "भाऊजी, अंधार करता येईल? तुमचा तो खराखुरा?"

मी का म्हणून विचारलं नाही. प्रयोगबाईंना तिनं कधीतरी विचारलं होतं, की माणूस गेल्यावर तो उजेड लगेच विझतो का. बाई म्हणाल्या होत्या, एकदम नाही, पेशी लागलीच थांबत नाहीत, मागून हळूहळू. तो दिसत नाही हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी खिडकीला दोन घोंगड्या ठोकल्या. दाराच्या फटीत टॉवेल गुंडाळून सारला, कुलपाच्या भोकावर काळी चिकटपट्टी लावली. टेबलावरच्या घड्याळाचे आकडे चमकायचे, ते उशीखाली घातलं. मग दिवा मालवून मी दाराला टेकून उभा राहिलो. डार्करूममध्ये एकदम कळत नाही. डोळे थांबले की फटी दिसायला लागतात. छताजवळ एक दिसली, तिथे मी चाचपडत जाऊन चिंधी कोंबली. पुन्हा थांबलो. आता कुठेच काही नव्हतं. इतका चांगला अंधार मी नोकरीतही केला नसेल.

बाहेर कुणीतरी हळू आवाजात विचारत होतं, दार का लावून घेतलंय. दुसरं कुणी म्हणालं, असू दे.

वहिनी खाटेवर बसल्याचा आवाज आला. पांघरूण सरकलं. मग काही नाही. फार वेळ गेला. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"भाऊजी."

"काय वहिनी?"

"मी कुठला हात धरलाय?"

मी म्हटलं, मला दिसत नाही, दिवा लावू का? ती नको म्हणाली. पुन्हा पांघरूण सरकलं, तिनं दुसराही हात घेतला असावा.

"आधी लगेच कळायचं," ती म्हणाली. "एक धरून ठेवायचा, एक नुसताच असायचा. आता दोन्ही सारखेच गार आहेत हो."

मग ती रडली. मी दाराला टेकून तसाच उभा राहिलो. तिच्याजवळ जावं की नाही ते मला ठरवता आलं नाही, आणि अंधारात खाटेची कडा कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी लेक आल्यावर मी टॉवेल काढला.

ते राखाडी कापड अजून माझ्या कपाटात आहे. वहिनी पुढे काही वर्षं राहिली, तिनं ते दुसऱ्या टेलरकडे द्यायचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. शेवटच्या दिवसांत तिचा एक हात दुखायचा, अंगठ्याच्या मुळाशी. मला म्हणायची, तुम्ही दाबून द्या जरा. मी तो हात घेतला की ती म्हणायची, "तो नाही. आधी तो दुसरा."